निळ्या ड्रमच्या बुडातली तीन भोकं

मी एक जुना निळा ड्रम आहे आणि माझ्या बुडाला तीन भोकं आहेत. हसू नका मित्रांनो, मला त्यांचा अभिमान आहे.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी ऐट काय विचारता! वाटलं, कुणाच्या तरी घरी पाणी भरून मिरवावं. पण नशिबात आला नळांना चकाकी चढवणारा कारखाना. तिथलं वापरलेलं पिवळं पाणी माझ्यात भरायचे. दिसायला सरबत, पण जालीम विष. ते शुद्धीकरण केंद्रात रिकामं करायचं आणि परत यायचं, हेच माझं काम.

गोदाम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे चिठ्ठीबाई म्हणत. आत काय आहे, कधी भरलं, धोका कशाचा, हे ठळक अक्षरांत चिकटवल्याशिवाय त्या एकही ड्रम हलू देत नसत. आम्लाचे ड्रम एका भिंतीला, आम्ही दुसऱ्या भिंतीला. ट्रक आला की आधी चालकाचे हातमोजे, मग झाकणं, मग कागद.

"बाई, माझ्या लग्नातसुद्धा एवढी तपासणी झाली नव्हती," चालक वैतागायचा.

"म्हणून तर तुमची बायको पस्तावतेय," म्हणत बाई पुन्हा पहिल्या झाकणापासून सुरुवात करायच्या.

अकरा वर्षं मी विष वाहिलं, थेंबही सांडला नाही. मग काठाला चीर गेली आणि मला रिकामा करून कोपऱ्यात ठेवलं.

तिथे पहारेकरी काकांची नजर माझ्यावर पडली.

"बाई, हा मी घरी नेतो. पाणी दिवसाआड येतं, त्यात नात तान्ही. तीनदा धुतलाय, वाससुद्धा नाही."

मी हरखून गेलो. घर, पाणी, तान्ही नात! आणखी काय हवं होतं मला?

बाईंनी हातमोजे चढवले, पांढरं फडकं ओलं करून माझ्या आत फिरवलं आणि काकांपुढे धरलं. फडकं पिवळसर झालं होतं.

"काका, अकरा वर्षं हे याच्या अंगात मुरलंय. तुम्ही कितीही धुवा, ते हळूहळू पाण्यात उतरणार. आणि ते पाणी नातीच्या पोटात जाणार."

काकांनी ते फडकं उजेडात धरून पाहिलं. "मी तर आजच नेणार होतो," एवढंच म्हणाले.

माझ्यात पुन्हा कुणी पाणी भरू नये म्हणून बाईंनी ड्रिल आणलं. पहिलं भोक पडलं तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. तिसरं पडलं तेव्हा काकांची तान्ही नात आठवली आणि राग कुठल्या कुठे गेला. बाईंसारखी माणसं जिथे असतात तिथे आपण निर्धास्त झोपतो, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी काका घरी निघाले तेव्हा बाईंनी दुकानातून आणवलेला कोरा ड्रम त्यांच्या सायकलला बांधून दिला.

आता माझ्यावर शेवटची चिठ्ठी आहे आणि मला कायमचं नष्ट करायला नेणाऱ्या ट्रकची वाट बघतोय. मित्रांनो, रिकामा ड्रम फुकट मिळाला तरी आधी विचारा, त्यात काय होतं. विषारी काही असेल किंवा कुणालाच सांगता आलं नाही, तर त्याला हात लावू नका.

काकांची नात आता रांगायला लागली म्हणे. तिची माझी भेट कधीच होणार नाही. तेच बरं.