उजवा रकाना

प्रोग्रेसिव्ह आणि गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीतावर मराठीत लिहिणारी माणसं जगात बहुधा दोनच होती, आणि ती दोन्ही आमच्या आईच्या पोटची. मी निशिगंधा, आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा बबन. वाचणारे किती होते ते मात्र विचारू नका. चंद्रहास नावाचा एक भला माणूस डोंबिवलीत बसून संगीताची वेबसाइट चालवायचा. त्याने पाच वर्षं आम्हाला सहन केलं, आणि आम्ही त्याचे आभार मानायच्या ऐवजी त्याच्याच चुका काढत राहिलो.

मी नेदरलँड्समध्ये, बेस्ट नावाच्या गावात एकटी राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधण्याचा पगार घेते. स्वभावाला साजेशी नोकरी आहे. आधी आठवड्यातून दोनदा स्लोटरडाइकच्या ऑफिसात जायचे, कोरोना आल्यावर जेवणाचं टेबल हेच ऑफिस झालं. बबन मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात उंदरांच्या मेंदूवर संशोधन करायचा. घरात त्याला आम्ही उंदीरमामा म्हणायचो आणि तो चिडायचा नाही, हेच मला खटकायचं.

आमची परीक्षण लिहायची पद्धत ठरलेली होती. रविवारी दुपारी तीन वाजता दोघांनी आपापल्या घरी एकाच क्षणी अल्बम सुरू करायचा. दोघांमध्ये एक सामायिक ऑनलाइन डॉक्युमेंट, त्यात दोन रकाने. डावा माझा, उजवा त्याचा. मिनिट-सेकंद घालून जे वाटेल ते लिहायचं आणि अल्बम संपेपर्यंत दुसऱ्याच्या रकान्यात डोकावायचं नाही. भाषा स्वयंपाकघरातली. 'संमोहक', 'गूढ' असले शब्द लिहिणाऱ्यांचा आम्हा दोघांनाही राग होता. त्यापेक्षा बास कच्चा राहिला, फोडणी करपली, हे मुरलंय, असं लिहिलं की कळतं. चंद्रहास दोन्ही रकाने जोडून छापायचा.

डिसेंबर २०२०मध्ये बबनचा वाढदिवस होता. नेदरलँड्समध्ये पुन्हा सगळं बंद झालं होतं, घरी दोनच पाहुणे चालत होते, आणि मी एकटीच जाणार होते, म्हणून गेले. डब्यात श्रीखंड नेलं. आठवड्याने आम्हा दोघांनाही कोरोना झाला. मला फक्त वास येईनासा झाला. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. कुणी कुणाला दिला ते कधीच कळणार नाही, पण मी रोज सकाळी उठून स्वतःलाच दोषी ठरवत होते.

श्वासाची नळी घालून झोपवण्याआधी त्याने मेसेज केला, 'सॉल्ट रोड आलाय बघ. माझ्याशिवाय ऐकू नकोस.' 'सॉल्ट रोड, भाग दोन' हा नऊ ट्रॅकचा, बहात्तर मिनिटांचा संग्रह. परीक्षणासाठी त्याची लिंक आम्हा दोघांनाच आली होती.

हॉस्पिटलात भेटायला परवानगी नव्हती. डॉक्टरीण बाई रोज पाच वाजता फोन करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की शेवटची वेळ आली तर तुम्हाला बोलावू, तोवर नाही. त्यामुळे 'या' या एका शब्दाची मी रोज पाच वाजता वाट बघायचे आणि तो आला नाही की भात टाकायचे. आईला अंबरनाथला फोन करून सांगायचे की तो झोपलाय, औषधं चालू आहेत.

दहा जानेवारीच्या रविवारी मी त्याचं ऐकलं नाही. चंद्रहास परीक्षण मागत होता हे निमित्त. खरं कारण असं की रविवारची तीनची वेळ मला एकटीला काढवेना. हेडफोन लावले, डॉक्युमेंट उघडलं, प्ले दाबलं.

पहिले चार ट्रॅक प्रोग्रेसिव्ह. संथ, सावकाश चढणारे, उगाच अंगावर न येणारे. जुळवणी करणाऱ्याला घाई नव्हती हे मला आवडलं. मी डाव्या रकान्यात लिहिलं, '६:२० बास नीट शिजलाय.' मान वर केली तर उजव्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता.

मग अक्षरं उमटली. '६:२० शिजलाय, पण मीठ कमी.'

मी हेडफोन काढले नाहीत. घाबरले असं म्हणायला हवं, पण आधी आनंद झाला. त्या तेहतीस मिनिटांत त्याच्या अकरा नोंदी आल्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, '२१:०५ ताई इथे रडणार.' मी रडतच होते.

चौथा ट्रॅक संपल्यावर मी बंद केलं आणि माझ्यातली टेस्टर जागी झाली. डॉक्युमेंटचा इतिहास तपासला, नोंदी बबनच्याच अकाउंटवरून होत्या. वॉर्डात फोन केला. त्याचा मोबाइल पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेला होता. त्याच्या घरमालकिणीला वर पाठवलं. लॅपटॉप टेबलावर बंद, बॅटरी संपलेली. मग मी चंद्रहासवर तुटून पडले. डॉक्युमेंट उघडता येणारा तो एकटाच तिसरा माणूस होता. तो दुखावला आणि म्हणाला की अल्बमची लिंक माझ्याकडे नाहीच, मी कुठल्या मिनिटाला काय लिहिणार? ते खरंच होतं. मी माफी मागितली, तीही धड नाही.

पाचला डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की दुपारपासून मूत्रपिंडं मंदावली आहेत. मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीच जुळलं नाही. मला फक्त पुढचा रविवार हवा होता.

सतरा तारखेला पुन्हा तीनला बसले. पाचव्या ट्रॅकपासून अल्बम गोव्याकडे वळतो, वेग वाढतो, सिंथचा यांत्रिक सूर वेटोळी घालायला लागतो. बबनला हाच भाग आवडायचा. तो सुसाट लिहीत होता. 'फोडणी बसली.' 'अजून जिरं.' 'हा माणूस गोव्याला कधी गेलेला नाही.' मी डावा रकाना कोरा सोडून नुसतं उजवीकडे बघत होते. आमचा नियम मी साफ मोडला होता.

तीन पंचविसाला फोन वाजला. पाचचा फोन तीन पंचविसाला. मी एका हाताने पॉज दाबलं आणि दुसऱ्याने फोन घेतला. तीन वाजल्यापासून ऑक्सिजन सतत उतरतोय, त्याला पालथं घातलंय, तयारीत राहा, असं त्या म्हणाल्या. मी कोट घालूनच बसून राहिले. पाचला पुन्हा फोन आला. आश्चर्य आहे, त्या म्हणाल्या, साधारण साडेतीनपासून उतरणं थांबलंय. म्हणजे मी पॉज दाबलं तेव्हापासून.

आमचे वडील, अण्णा, ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. शेजाऱ्यांनी आमच्या नव्या स्कूटरला काळी बाहुली बांधली तेव्हा त्यांनी ती सगळ्यांसमोर कापून काढली आणि आम्हा भावंडांना बुद्धविहाराच्या पायरीवर बसवून तासभर समजावलं की कारणाशिवाय काही घडत नाही. त्या अण्णांची मुलगी मी. त्या संध्याकाळी मी लॅपटॉपच्या प्लगला चिकटपट्टी लावली. चुकून कुणाचा पाय लागू नये म्हणून. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पडद्यावर प्लेअर ५८:१२ वर थांबला होता. आठवा ट्रॅक, मधोमध. मी त्याला हात लावला नाही. झाडूसुद्धा त्या कोपऱ्यात नेला नाही. चंद्रहासला कळवलं की परीक्षण होणार नाही.

आणि बबन टिकला. रोज पाच वाजता एकच शब्द यायचा, 'स्टाबील'. स्थिर. सोमवारी स्टाबील, गुरुवारी स्टाबील. मला वाटलं मी जिंकले. आईला सांगितलं की तो आता घसरत नाही. आई म्हणाली, "चढतोय का पण?" मी नेटवर्क खराब असल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी डॉक्टरीण बाई नेहमीपेक्षा सावकाश बोलल्या. बरा होत नाही, बिघडतही नाही, असं त्यांनी फार क्वचित पाहिलं होतं. यंत्रं चालू आहेत, पण शरीर कुठल्याच दिशेला जात नाही. त्याला असं ठेवून आपण त्याच्यासाठी काही करतोय असं मला वाटत नाही, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ठेवा. माझा आवाज इतका चढला की त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

एकतीस जानेवारी, रविवार. तीन वाजता मी टेबलापाशी बसले होते, नुसतीच. संगीत बंद होतं, हेडफोन बाजूला होते. उजव्या रकान्यातला कर्सर हलला.

'५८:१२ ताई, किक कधी येणार?'

मी ओळ पुन्हा वाचली. थोड्या वेळाने दुसरी ओळ आली.

'५८:१२ किती वेळ झाला इथे. पायाखाली काहीच नाही.'

तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं होतं. ट्रान्समध्ये मधोमध एक जागा येते, तिला ब्रेकडाउन म्हणतात. ढोलाचा ठोका, म्हणजे किक, काढून घेतात. बास काढून घेतात. नुसता एक लांबट सूर हवेत धरून ठेवतात आणि ऐकणारा ठोका परत येण्याची वाट बघत लोंबकळत राहतो. ती जागा मिनिट-दोन मिनिटांचीच असते, कारण त्याहून जास्त माणसाला सोसत नाही. म्हणून आमच्या या कामात कितीही घाई असो, दूध उतू जाऊ दे, पण ब्रेकडाउनमध्ये कुणी पॉज दाबत नाही. ट्रॅक संपू देतात आणि मग थांबतात. मी घाबरून नेमकं तिथेच दाबलं होतं. भावाला वाचवलं म्हणून चौदा दिवस स्वतःची पाठ थोपटत होते, आणि तो चौदा दिवस त्या जागेत होता.

मी डाव्या रकान्यात टाइप केलं, 'लावलं तर तू जाशील.'

बाहेर शेजारची बाई सायकलवरून भाजी घेऊन आली, कुलूप लावून आत गेली.

'५८:१२ मी इथे तरी कुठे आहे. ताई, लाव ना.'

लहानपणी पंख्याच्या बटणापर्यंत त्याचा हात पुरायचा नाही तेव्हा तो असंच म्हणायचा. मला त्याचा इतका राग आला की विचारू नका. सगळं माझ्यावरच टाकायचं. आणि त्या रागाखाली त्याची तेवढीच माया होती. मी हेडफोन घातले आणि प्ले दाबलं.

सूर पुढे सरकला. अर्ध्या मिनिटाने किक आली, खाली, भरीव, छातीत.

'५८:४१ आली,' त्याने लिहिलं. एवढंच.

नववा ट्रॅक जुन्या वळणाचा गोवा ट्रान्स आहे. आता असं कुणी करत नाही. मी त्याच्या रकान्यात विचारत राहिले, दुखतंय का, आईला काय सांगू, श्रीखंडाने झालं का. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. तो परीक्षण लिहीत होता. '६४:०५ हे मुरलंय.' '६७:५० सगळा अल्बम इथे पोचण्यासाठी होता, बाकीचं विसरलं तरी चालेल.' आणि मग, '६९:३० शेवट उगाच ओढलाय. दोन मिनिटं कापायला हवी होती.'

मी मोठ्याने हसले आणि तशीच हुंदके द्यायला लागले. मला ती दोन मिनिटं हवी होती.

बहात्तराव्या मिनिटाला शांत झालं. फोन लगेच वाजला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "या."

आइंडहोवनला गाडी बदलून मी मास्ट्रिख्टला पोचले. डब्यात मी आणि मास्क लावलेला एक म्हातारा, दोघेच. हॉस्पिटलात मला गाऊन, हातमोजे, चष्मा चढवला. बबनचा हात मोज्यातूनही गरम लागत होता. आईला व्हिडिओवर घेतलं. तिने हळू आवाजात त्रिशरण म्हटलं, मी तिच्यामागून म्हटलं. पावणेसहाला तो गेला. चेहरा बघून वाटलं की कुठेतरी पोचला असावा. मी असलं काही मानत नाही, पण वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षण चंद्रहासला पाठवायला म्हणून डॉक्युमेंट उघडलं. निदान तेवढं तरी पुरं करावं. उजव्या रकान्यात शेवटच्या नोंदीखाली आणखी एक ओळ होती. इतिहासात वेळ दिसत होती, काल संध्याकाळी पाच पन्नास.

'७२:०० च्या पुढे. अजून चालू आहे. ताई, तुला ऐकू येतंय ना?'

मी हेडफोन घातले. आवाज पूर्ण वाढवला. अल्बम संपलेला होता, प्लेअर थांबलेला होता. तासभर डोळे मिटून बसले, अगदी जीव कानात आणून बसले. मला फ्रिजची घरघर ऐकू आली आणि माझा स्वतःचा श्वास, बाकी काही नाही.

पाच वर्षांत आम्ही एकमेकांना न ऐकलेलं ऐकलं म्हणून कधी सांगितलं नव्हतं. उजव्या रकान्यातला कर्सर लुकलुकत थांबला होता. मी डाव्या रकान्यात लिहिलं, 'येतंय.'