न बोलणारं लेकरू

“पटायचं नाही तुम्हाला, उत्तराताई. दिल्लीत कुणालाच पटत नाही. पण माझी लेक जन्मात एकदाही खोटं बोललेली नाही,” रावसाहेब म्हणाले आणि खुर्चीत पुढे सरकले. “माझं सोडा, मी थापाड्या. मंत्रालयात माकडं हाकलायला ठेवलेल्या लंगुराला पेन्शन मिळवून दिलेला माणूस. पण ती? विचारा तिला, बेटा, भाजी कशी झालीय? तोंडावर सांगेल, बाबा, खारट.”

उत्तरा हसली. न बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या नोएडातल्या त्या क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत हसू तसं महागच. बायको गेल्यापासून रावसाहेब रोज सकाळी लेकीच्या गाडीत बसून इथे यायचे. घरातल्या भिंतींना थापा मारून किती मारणार माणूस? इथे निदान पोरांच्या आया बसलेल्या असत. कुणी रडून आलेली, कुणी रडायची बाकी असलेली. लंगुराच्या पेन्शनवर त्या घटकाभर हसायच्या. क्लिनिक चालवणाऱ्या त्यांच्या लेकीने, लुंबिनीने, म्हणूनच त्यांना कधी अडवलं नाही.

आतल्या खोलीत तिच्यासमोर उत्तराचा सुधन्वा बसला होता. आठ वर्षांचं पोर, तोंडातून शब्द नाही. मधल्या टेबलावर चित्रं मांडलेली: पाणी, पोळी, झोपाळा. जे हवं त्याचं चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं, एवढीच विद्या. सुरुवातीला लुंबिनी त्याचा हात आपल्या हातात धरून चित्र उचलायला लावायची. मग तिचा हात त्याच्या मनगटावर आला, मग कोपरावर, मग नुसता खांद्याला टेकलेला. हा तिचा धंदाच असा. हात धरायचा, तो सोडण्यासाठी. तिच्या हाताखालून गेलेली पोरं मोठी होऊन मॉलमध्ये तिच्या समोरून जात आणि ओळखतही नसत. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. लुंबिनी त्या दिवशी एकटीच आइस्क्रीम खायची.

आईबापांना मात्र ती गोड बोलली नाही कधी. “बरा होईल का, हे विचारू नका, हा आजार नाही. बोलेल का, मला माहीत नाही. पण त्याला काय हवंय ते सांगायला आपण शिकवू शकतो.” हे ऐकून काही जण उठून जात, ते थेट बरं करण्याची हमी देणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मोठ्या पाटीखाली. काही महिन्यांनी त्यातले बरेच परत येत. लुंबिनी तेव्हा ‘बघा, मी सांगितलं होतं’ असंही म्हणायची नाही. खुर्ची पुढे करायची.

आज तिने खांद्यावरचा हातही काढून घेतला होता. सुधन्वा बराच वेळ छताचा पंखा बघत बसला. मग कुणी न सांगता त्याने पाण्याचं चित्र उचललं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

लुंबिनीने त्याला पाणी दिलं. तो प्यायला. तेव्हा कुठे तिने दार उघडून उत्तराला हाक मारली. सुधन्वाने परत एकदा, आईच्या देखत, तेच चित्र उचलून दिलं.

उत्तराचे डोळे भरले, पण ते काही आनंदाने नव्हे.

“मॅडम, रागावू नका,” ती म्हणाली. “तुम्ही वर्षभर दिलेली चित्रं मी घरी कपाटात ठेवलीत. एकही बाहेर काढलं नाही.”

“का?”

“हातात चित्र दिलं तर तो तोंड कशाला उघडेल? मला त्याचा आवाज ऐकायचाय, यार. थांबेन मी. तुमच्या आईही थांबल्याच ना.”

“माझी आई?”

“तुमचे बाबा म्हणाले. नऊ वर्षांच्या होईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलत नव्हतात. ताटली फिरवत बसायचात, चपलांची रांग लावायचात. आणि एक दिवस कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात जेवायला बसला होतात, वाढपी पाण्याचा जग उचलून निघाला, तर एकदम म्हणालात, ‘अहो, पाणी.’ ‘अहो’सुद्धा लावलंत.” उत्तरा रडता रडता हसली. “आमच्याकडे अजून एक वर्ष आहे.”

ताटली कोण फिरवायचं हे लुंबिनीला पक्कं ठाऊक होतं. स्टीलची ती घरघर अजून तिच्या कानात होती. समाधान, तिचा थोरला भाऊ. हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याने चपलांच्या रांगा लावल्या. नवव्या वर्षी, एका दुपारी, कडी उघडी राहिली आणि तो रिजवर, मागच्या टेकडीवरच्या जंगलात गेला. तिथल्या पाण्याच्या टाकीतून त्याला बाहेर काढलं. त्याला तहान लागली होती, की नुसतं पाण्याकडे बघायचं होतं, हे घरात कुणालाच कळलं नाही. त्यानंतर त्याचं नाव कुणी काढलं नाही. आई शीला ते नाव पोटात घेऊनच गेली. रावसाहेबांच्या थापा सुरू झाल्या त्या त्याच उन्हाळ्यात, आईने दोन घास खावेत म्हणून.

आणि एका थापेत, लेकीच्या पाठीआड, त्यांनी समाधानला बोलतं केलं होतं.

दारात कपबश्या वाजल्या. रावसाहेब चहाचे दोन कप ट्रेमध्ये घेऊन उभे होते. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते.

“खरं आहे ना, मॅडम?” उत्तरा म्हणाली. “तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून विचारते. फक्त हो म्हणा.”

एका वाक्याचं काम होतं. तो माझा भाऊ होता, तो बोलला नाही आणि तो आता नाही. याहून कठीण वाक्यं लुंबिनीने परक्यांना सांगितली होती. तिने बापाकडे पाहिलं.

“हो,” लुंबिनी म्हणाली.

उत्तराने हात जोडले. टेबलावरची चित्रं गोळा केली, त्यांच्या कडा जुळवल्या आणि लुंबिनीसमोर ठेवली. “मग ही राहू देत तुमच्याकडेच.” एक चित्र सुधन्वाने पुन्हा उचलून मुठीत धरलं होतं, पाण्याचं. उत्तराने त्याचं एकेक बोट मायेने उघडून तेही काढून घेतलं.

तो ओरडला नाही. रिकाम्या हाताकडे बघत राहिला. मग दारापाशी गेला आणि रावसाहेबांसमोर तो हात धरला, चित्र द्यायला धरतात तसा. हातात काही नव्हतं.

रावसाहेबांनी ट्रे खाली ठेवला.

“उत्तराताई, त्याचं चित्र द्या त्याला.”

“बाबा,” लुंबिनी म्हणाली.

“तू थांब.” आवाजात गोष्ट सांगतानाचा सूर नव्हता. “ही खोटं बोलतेय, उत्तराताई. ही वर्षाची व्हायच्या आधीच बोलायला लागली, कान किटवायची आमचे. न बोलणारा समाधान होता. माझा थोरला. त्याला पाणी मागता आलं नाही.”