टायरच्या तक्त्यातली राहिलेली सही

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कसबा पेठेतल्या परचुऱ्यांच्या घरात एकच विषय चालू होता, गाडीचे टायर. सर्व्हिसिंगहून गाडी परत आली तेव्हा गॅरेजवाल्याने बिलाखाली शेरा मारला होता, की चारही टायर झिजले आहेत, पावसाळ्याआधी बदला. घर ढवळून निघायला एवढं निमित्त पुरेसं होतं.

श्यामकांत परचुरे खडकीच्या एका कारखान्यातल्या भांडार विभागातून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली होती, पण भांडार विभाग काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. मिक्सर असो की पडदे, तीन दुकानांतून लेखी भाव आणायचे, फूटपट्टीने रकाने आखून तुलनेचा तक्ता करायचा आणि सर्वांत स्वस्त असेल त्यावर लाल खूण करायची, ही त्यांची पद्धत. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते एक हकिगत हमखास सांगत. एकदा कामगारांच्या हातमोज्यांची फाइल वरच्या साहेबांकडून आली. भाव उत्तम, कागद चोख. तरी परचुऱ्यांनी ती परत पाठवली, कारण जो विभाग ते हातमोजे वापरणार त्याची सही तिच्यावर नव्हती. "म्हटलं, साहेब, ज्याच्या हातात घालायचे त्याला विचारलंत का?" हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं.

त्यांचा मुलगा सलिल आयटीत होता. आठवड्यातले तीन दिवस तो घरून काम करायचा आणि दोन दिवस मेट्रोने जायचा. त्याच्या टीममधल्या केयूरने गाडीला रुंद, बुटके, परदेशी टायर बसवले होते, तेव्हापासून सलिलला आपल्या गाडीकडे बघवत नव्हतं. तो वडिलांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवायचा, आणि वडील चष्मा वर करून त्यातली किंमत तेवढी वाचायचे.

आठ दिवस हा सामना रंगला. श्यामकांतांचं म्हणणं, टायर गोल असला म्हणजे झालं, बाकी सगळी जाहिरात. सलिलचं म्हणणं, स्वस्त टायर म्हणजे जिवाशी खेळ. त्यावर श्यामकांत विचारायचे, की केयूरचा जीव काय जास्त मौल्यवान आहे का. निशाताई, म्हणजे सलिलच्या आई, एकदा वरणाला फोडणी देता देता म्हणाल्या, "सून बघताना एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही."

आणि ती सून, स्पृहा, हे सगळं ऐकत होती. स्पृहा फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, अर्धांगवायूतून उठू पाहणारे असे रुग्ण तिची घरी वाट बघत असायचे, आणि ती यंत्राची जड बॅग डिकीत टाकून दिवसाला पाच-सहा घरं करायची. ही गाडी रोज चालवणारी घरात ती एकटीच. पण टायरबद्दल तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं! दोनदा तिने तोंड उघडलं. पहिल्यांदा श्यामकांत म्हणाले, "थांब जरा, हे तांत्रिक आहे." दुसऱ्यांदा सलिल म्हणाला, "अगं, मी बघतोय ना." तिसऱ्यांदा ती बोललीच नाही.

तिच्या गप्प राहण्याला आणखी एक कारण होतं. तीन वर्षांपूर्वी तिने हे काम सुरू केलं, तेव्हा गाडीची किल्ली श्यामकांतांच्या खोलीतल्या खुंटीवर होती आणि अजूनही तिथेच असायची. रोज सकाळी दारात उभं राहून "बाबा, किल्ली घेते हं," म्हणायचं आणि संध्याकाळी ती परत अडकवायची. पहिल्या दिवशी श्यामकांत हसत म्हणाले होते, "गाडीला एक ओरखडा आला तरी किल्ली परत." बोलणारा हसून विसरला, पण जिचं सगळं काम त्या किल्लीवर चालतं ती कशी विसरणार?

रविवारी तिसरा भाव आणायला तिघं खडकीला निघाली. स्टेशनजवळच्या टायरच्या दुकानापर्यंत गाडी अर्थातच स्पृहाने चालवली. उतरताना श्यामकांत म्हणाले, "तू गाडीतच बस, आम्ही बघतो." दोघं पुरुष तक्ता आणि मोबाइल घेऊन दुकानात शिरले.

गल्ल्यावर पंचेचाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. श्यामकांतांनी विचारलं, "मालक आहेत का?"

"आहेत की. मीच," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव सत्यशीला. परभणीकडून येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. नवरा नागोराव मागे चाकं काढायचा-बसवायचा आणि दुकान त्या बघायच्या. सलिलने मोबाइलवरचा रुंद टायर दाखवला आणि श्यामकांतांनी तक्ता पुढे केला. सत्यशीलाबाईंनी तो नीट वाचला, अक्षराचं कौतुकही केलं. मग त्या उठून बाहेर आल्या, गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकल्या, टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चालवतं कोण?"

"गाडी आमचीच आहे," श्यामकांत म्हणाले.

"कुणाची ते नाही विचारलं काका. चालवतं कोण? रोज किती जाते? घाट-चढ लागतो का? ओझं किती असतं? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर कुठं सरकते का?"

श्यामकांतांनी तक्त्यात पाहिलं. किंमत होती, वॉरंटी होती, दुकानाचं घरापासूनचं अंतरसुद्धा होतं. या पाच प्रश्नांचं उत्तर मात्र एकाही रकान्यात नव्हतं. त्यांनी सलिलकडे पाहिलं, तर तो मोबाइल खिशात ठेवत होता.

"गाडी ह्या ताईंनीच आणली ना आत्ता?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मग त्यांना काचेच्या आत कशाला ठेवलंय?"

स्पृहा उतरली. सत्यशीलाबाईंनी तेच प्रश्न तिला विचारले आणि तिने घडाघडा उत्तरं दिली. दिवसाला पंचेचाळीस किलोमीटर. सकाळी कोथरूड, दुपारी बावधन, मग वारजे. मार्चपासून गाडी डावीकडे ओढते, हे तिने सलिलला सांगितलंही होतं. खड्ड्यातून जाताना पुढचा डावा टायर दणका खातो. बोलता बोलता ती शेवटच्या प्रश्नाशी आली आणि थांबली. एकदा तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"गेल्या ऑगस्टमध्ये बावधनच्या उतारावर सरकली होती," ती म्हणाली. "पाऊस होता, वेग तीसच्या आत होता. पुढे स्कूटरवर एक बाई होत्या, मागे त्यांची लहान मुलगी. मी ब्रेक दाबला, पण गाडी थांबेचना. थांबली तेव्हा मध्ये हातभर जागा उरली होती. मी दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला बसून होते."

सलिलचा चेहरा उतरला. श्यामकांत मात्र उसळले. नऊ महिने झाले आणि हे आम्हाला आज कळतंय? उद्यापासून गाडी नेऊ नकोस, सलिल सोडेल तुला, असं ते एका दमात बोलून गेले.

"म्हणूनच सांगितलं नव्हतं, बाबा," स्पृहा शांतपणे म्हणाली. "ओरखडा आला तर किल्ली परत, असं ठरलं होतं आपलं. मी घाबरले होते त्या दिवशी, पण चुकले नव्हते. मला गाडी येते. टायर झिजला होता, आणि ते सांगायला मला घरात जागा नव्हती."

तेव्हा सत्यशीलाबाई म्हणाल्या, "रागावू नका काका, पण ऐका. तुमचा स्वस्तातला टायर वाईट नाही. महिन्यातून दोनदा देवाला जाणाऱ्यांना मी हौसेनं तोच देते. पण ह्यात रबर कडक आहे. लई दिवस चालतो, अन् ओल्यात थांबायला जागा जास्त घेतो. दादा, तुमचा तो भारीतला हायवेला झकास, पण त्याची बाजूची भिंत बुटकी. आपल्या खड्ड्यांत त्याला दोन महिन्यांत फुगा येईल. कोणता टायर चांगला, हे मी दुकानात बसून कसं सांगू? जो चालवतो त्याला विचारल्याशिवाय ते ठरतच नाही. अन् घरोघरी काय होतंय? गॅसची शेगडी असो की गाडी, जिच्या हातात ती वस्तू दिवसभर असते, तिला सोडून सगळ्यांची मतं घेतात लोक. इथं रोज बघते मी."

श्यामकांत तक्त्याकडे बघत राहिले. सुबक रकाने, लाल शाई, खाली स्वतःची सही. आणि त्यांना ते हातमोजे आठवले! ज्याच्या हातात घालायचे त्याला विचारलंत का, असं त्यांनी साहेबांना ऐकवलं होतं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा अभिमान मिरवला, ती गोष्ट ते स्वतःच्या घरात साफ विसरले होते. अशी फाइल त्यांच्या टेबलावर आली असती तर त्यांनीच ती परत पाठवली असती. त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी खिशातून पेन काढलं. फूटपट्टी नव्हती, म्हणून हातानेच तक्त्याच्या शेवटी एक वाकडातिकडा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'वापरणाऱ्याचे मत'. मग कागद आणि पेन स्पृहापुढे धरलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ही फाइल अपुरी होती. आता तू सांग आणि सही कर."

स्पृहाने पंधरा मिनिटं टायर पाहिले. बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांतून टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कसं वाचायचं, हे सत्यशीलाबाईंनी तिला दाखवलं, आणि सलिलही वाकून शिकला. शेवटी तिने नामवंत कंपनीचा, पण गाडीच्या मूळ मापाचा साधा टायर निवडला. ओल्या रस्त्यावर पकड चांगली, भिंत पुरेशी उंच. किंमत बापाच्या टायरपेक्षा जास्त आणि लेकाच्या टायरपेक्षा बरीच कमी होती. तासाभरात नागोरावांनी चारही चाकं बसवली, डावीकडची ओढही काढली. परतताना सलिल मागच्या सीटवर बसला होता. सिग्नलला तो हळूच म्हणाला, "मार्चमध्ये तू सांगितलं तेव्हाच मी ऐकायला हवं होतं." स्पृहाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मित्रहो, टायर स्वस्त घ्यावा की महाग, हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरी कधी ना कधी येणारच. त्याचं उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर नसतं आणि शेजाऱ्याच्या गाडीतही नसतं. ज्याचा जीव त्या वस्तूवर अवलंबून असतो, त्याला आधी विचारा. आणि त्याला खरं सांगता येईल, एवढी जागा घरात ठेवा. भीतीपोटी झाकून ठेवलेली एखादी गोष्ट झिजलेल्या टायरपेक्षा जास्त धोक्याची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पृहा नेहमीसारखी सासऱ्यांच्या दारात उभी राहिली. "बाबा, किल्ली घेते..." म्हणता म्हणता ती थांबली, कारण खुंटीवर श्यामकांतांची टोपी होती.

"किल्ली तुझ्या बॅगेत आहे," श्यामकांत वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. "यापुढे तिथेच राहू दे. मला टोपीला जागा हवी होती."