भिंतीवरून उतरलेली उजेडाची पेटी

ओळखलंत का? अहो, हाडांच्या दवाखान्यातली पेटी बोलतेय मी! पुढे दुधी काच, पोटात दिवे. एक्स-रेची काळी फिल्म अडकवली, बटण दाबलं, की तुमची हाडं माझ्या अंगावर. तीस वर्षं भिंतीवर मिरवले. माणसं आत आली की आधी माझ्याकडे बघायची, मग डॉक्टरांकडे. गर्व होताच मला, खोटं कशाला बोलू?

एकदा भरतकाम करणाऱ्या मावशी आल्या. पायरीवरून घसरून उजव्या तळहातावर पडलेल्या. अंगठ्याच्या मुळाशी ठणका. डॉक्टरांनी फिल्म लावली, चष्मा वर केला, खाली केला.

"हाड शाबूत आहे. नुसतं लचकलंय."

मीही ऐटीत लख्ख उजळले.

तीन आठवड्यांनी मावशी परत हजर. "डॉक्टर, सुई धरवत नाही हो. चाळीस वर्षं याच हातावर जगले. आता करू तरी काय?" आणि त्या रडायलाच लागल्या.

डॉक्टरांची लेकही हाडांचीच डॉक्टर, नुकतीच दवाखान्यात बसू लागलेली. ती म्हणाली, "बाबा, अंगठ्याखालचं हे मनगटातलं हाड लबाड असतं. सुरुवातीला फिल्मवर भेग दिसतच नाही कधीकधी. स्कॅन करू या."

"तीस वर्षं फिल्मा बघतोय मी!"

"म्हणून तर म्हणते, एकदा संगणकाच्या पडद्यावर बघा."

स्कॅन झाला. पडद्यावर तेच हाड गोल फिरलं, आणि केसाएवढी भेग समोर आली. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. मग मावशींना म्हणाले, "माझं चुकलं." मला मान असती तर मीही खाली घातली असती.

छोट्याशा छेदातून इवलासा स्क्रू बसवला. हाड जुळलं. काही महिन्यांनी मावशी आल्या तेव्हा मला भिंतीवरून उतरवत होते. आता सगळं पडद्यावरच की!

"हिचं काय करणार?"

"भंगारात जाईल."

"अगं बाई! मला द्या. हिच्यावर नक्षी ठेवून कापडावर काय झकास उतरवता येईल!"

तेव्हापासून मी मावशींच्या टेबलावर आडवी पडून असते. हाडांऐवजी वेली आणि मोर. मजेत आहे हो! काच तेवढी अधूनमधून पुसत जा, एवढं त्यांना कुणीतरी सांगा.

आणि त्या स्कॅनच्या यंत्राकडे गेलात, तर माझा निरोप द्या: मला दिसलं नव्हतं ते तुला दिसलं, म्हणून मावशींची सुई चालू आहे.