मांजरीला हात न लावण्याचं परिपत्रक

आमच्या कचेरीतल्या मांजरीचं नाव पेंडिंग. निकाल न लागलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर लोळायची तिला हौस, आणि असे गठ्ठे आमच्याकडे मुबलक. पिल्लू असताना तिला मीच आणलं होतं. मी आवक-जावक सांभाळते आणि उरलेल्या वेळात मांजर.

साहेबांनी रुजू झाल्याझाल्याच परिपत्रक काढलं: मांजरीला कोणीही हात लावू नये. सगळ्यांनी मुकाट्याने सह्या ठोकल्या. तेव्हापासून तिला कोणीच हात लावत नव्हतं, तरी तिचे लाड आणि वजन दोन्ही वाढत होते.

एका सोमवारी तिच्या कानामागे नाण्याएवढं टक्कल दिसलं. आत कोंडा, कडेचे केस तुटके. लगेच सगळे वैद्य झाले. हेडक्लार्क म्हणाले, उंदराने कुरतडलं असेल. कचेरीतल्या मांजरीला उंदीर कुरतडतो, यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. रोखपालांनी खिशातून खाजेचं मलम काढलं. ती चाटेल म्हणून मी ते हिसकावून घेतलं. माणसाचं मलम त्यांच्या खिशात कशाला, हे मात्र विचारायचं राहिलं.

साहेबांनी फर्मान सोडलं, शुक्रवारपर्यंत मांजर बाहेर. माझ्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणजे बाहेर म्हणजे थेट रस्त्यावर. गुरुवारी मी कोणालाही न विचारता प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाईंनी खिडक्या लावल्या आणि जांभळा दिवा धरला. तुटके केस हिरवे चमकले. हा नायटा, म्हणजे बुरशी, त्या म्हणाल्या. दिवा दर वेळी दाखवतोच असं नाही, म्हणून केस तपासणीलाही पाठवायचे. पोटातून औषध, आठवड्यातून दोनदा गंधकाच्या पाण्याची आंघोळ, वेगळी खोली, गळलेल्या केसांची रोज सफाई. बरा व्हायला काही आठवडे लागतात, पण होतो. माणसांनाही लागतो.

"तिला हात कोणी कोणी लावला?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही. तसं परिपत्रक आहे," हेडक्लार्क म्हणाले.

उकाड्याने अंगाची काहिली होत होती. तरी रोखपालांच्या बाह्या मनगटापर्यंत उतरलेल्या, टंकलेखिकेच्या हाताला रुमाल बांधलेला, आणि साहेबांच्या गळ्यात तीन दिवसांपासून मफलर. मला एकाएकी सगळं कळलं आणि भयंकर राग आला.

मी काही बोलण्याआधीच पेंडिंग बाईंनी गुंडाळलेल्या टॉवेलातून निसटली. सरळ साहेबांच्या मांडीवर, तिथून खांद्यावर. रोजची जागा असावी तशी तिने डोक्याने मफलर बाजूला सारला आणि मान टेकवली. खाली लालभडक गोल चट्टा होता.

"किती दिवस झाले?" बाई म्हणाल्या.

"दहा." साहेब खाली बघत होते. "जेवणाच्या सुट्टीत दार लावून बसतो मी. घरी कोणी नसतं. ही येते."

मग एकेक बाही वर गेली, रुमाल सुटला. हेडक्लार्कनी तर चक्क पोट दाखवलं.

वेगळी खोली हवी, दार लागणारी, पुसता येईल अशी, आणि जिथे कागद नाहीत. अशी एकच होती, साहेबांची केबिन. कागद तिथे कधी पोचतच नसत. पेंडिंग आत गेली, साहेब बाहेर माझ्या शेजारी बसले. लोकांसमोर बसल्यावर त्यांना सह्या कराव्या लागल्या आणि गठ्ठे उतरू लागले. दिवसातून दोनदा हातमोजे घालून ते 'पाहणी'ला जात, अर्धा अर्धा तास.

सात आठवड्यांनी केसांच्या तपासणीचा लागोपाठ दुसरा अहवालही स्वच्छ आला. त्याच दिवशी नवं परिपत्रक निघालं: मांजरीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवावेत. पहिली सही साहेबांची. मी सगळ्यात शेवटी केली, कारण डोळे भरून आले होते आणि सही कुठे करायची ते दिसत नव्हतं.