साठ किलोचा पेच

घड्याळजीची मान आणि पाठ दोन्ही धरली, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि लेकीने परस्पर त्याचं नाव जिममध्ये घातलं. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. वजनं उचलणं म्हणजे बिनडोक काम, अशी त्याची पक्की समजूत. डोकं बाहेर चपलांपाशी काढून आत जायचं, असं तो बायकोला सांगायचा.

दोन महिने तसं चाललंही. मग खांद्यांवर वजनांचा दांडा घेऊन बैठका सुरू झाल्या. पन्नास किलो जमले. साठला मात्र तो खाली गेला आणि तिथेच अडकला. शिकवणाऱ्या बाईंनी मागून हात दिला म्हणून वर आला. आठवड्यात तीनदा हेच.

"पायांत जोर आहे तुमच्या, काका," बाई म्हणाल्या. "अडतंय कुठे, ते तुम्हीच शोधा."

हे त्याला लागलं. बंद घड्याळ असतं तर एकेक चाक सुटं करून पाहिलं असतं. आता तो स्वतःलाच तपासू लागला. पाऊल कुठे टेकतं, श्वास कधी सुटतो. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतानाही तेच डोक्यात.

एका सकाळी तो ओट्यासमोर झाडूचा दांडा खांद्यांवर घेऊन बैठका काढत होता. बायको चहा गाळता गाळता बघत राहिली.

"अहो, खाली जाताना फरशीवर काय शोधता? स्क्रू पडलाय का?"

तो थबकला. अवघड जागा आली की नजर खाली, ही दुकानातली सवय. नजरेमागे मान जायची, मानेमागे पाठ, आणि पाठ वाकली की वजन अडायचं.

कळलं, पण लगेच वळलं नाही. तळाला गेलं की मन घाबरायचं आणि डोळे आपसूक खाली वळायचे. समोरच्या भिंतीवरच्या बटणावर नजर रोवून धरायला पंधरा दिवस लागले. मग एकदा तो साठ किलो घेऊन सरळ उभा राहिला. तेवढ्या क्षणात डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, ना दुकान, ना दुखणं. असं निवांत त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाईंनी लगेच पाच किलो वाढवले. तो पुन्हा खालीच राहिला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, जमलं का?

"साठ जमले, पासष्ट नाही," तो खुशीत म्हणाला. "आता भलतीकडेच अडतंय. उद्या तू चल, बघून सांग."