कुसाबाईचा उकार

सगळ्या बायकांची नावं लिहून झाली आणि कुसाबाईची गाडी पहिल्याच अक्षरावर अडली. नाशिक रोडच्या वसाहतीतल्या विहारात संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, साल एकोणऐंशीचं. कुसाबाईनं पाटीवर ऐटीत 'क' काढला आणि मास्तरीण लताबाईंना विचारलं, उकार पहिला द्यायचा की दुसरा?

वर्गाला हा प्रश्न फालतू वाटला. लताबाईंना मात्र असल्या प्रश्नांचं भारी वेड. दुसरा उकार दिला तर 'कूस', म्हणजे आईचं पोट, असं त्या सांगू लागल्या. पहिला दिला तर कुसळ. माळावरच्या गवताचं ते टोकदार कुसळ, लुगड्याला चिकटलं की सोडता सोडत नाही. शिवाय दर्भालाही संस्कृतात कुश म्हणतात, तेव्हा ही सगळी गवताचीच भावकी असावी, असा त्यांचा अंदाज. ज्याच्यावरून नाव पडलं त्याचा उकार द्यायचा, असा त्यांनी निकाल दिला. स्वतःचं लता हे नाव वेलीवरून आलंय, हे सांगायलाही त्या विसरल्या नाहीत.

बायका हसल्या. कुसाबाईला हसू आलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. 'नावात कूस, पोटी काही नाही' हे सासूचं बोलणं तिनं उभा जन्म ऐकलं होतं, आणि सासू गेल्यावरही ते कानातून गेलं नव्हतं. पण सासूपेक्षा तिचा राग होता तो आईवर. जगात इतकी नावं पडलेली असताना या बाईला हेच बरं सुचलं? आई जाऊन जमाना झाला होता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

गवताचं ऐकल्यापासून मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. नवरा केरू म्हणाला, कुठला तरी एक उकार दे आणि मोकळी हो. ते तिला पटेना. रविवारी तिनं त्याला एसटीत बसवलं आणि थेट नामपूर गाठलं. तिथं तिची धोंडाबाई मावशी होती. दात गेले होते, आठवण शाबूत होती.

मावशीला उकार-बिकार कळेना. नाव कशावरून ठेवलं एवढंच सांग, असं कुसाबाईनं विनवलं. तेव्हा म्हातारीनं सांगितलं, की कुसाबाईच्या आधीची भावंडं एकामागून एक तान्हेपणीच गेली होती. पोर जगावं म्हणून लोक धोंडा, केर, कोंडा अशी नावं ठेवत; मावशीचंही तसंच पडलेलं. आईला त्यातलं एकही पसंत पडेना. गवत कापता कापता बांधावरच कुसाबाई जन्मली, आणि आईच्या लुगड्याला जिकडेतिकडे कुसळं लागलेली. मावशी ती वेचायला गेली, तर आईनं तिचा हात धरला आणि तान्ह्या पोरीकडे बोट केलं.

"तुनी माय म्हने, ऱ्हाऊ दे. हाई बी मन्हं कुसळ शे. झटकं तरी पडस नई."

 कुसाबाई तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. केरू घाबरला आणि पाणी आणायला धावला.

पाणी पिऊन ती आधी एवढंच म्हणाली, की उकार पहिलाच. मग तिनं केरूचा हात धरला.

"अवो, मी हवी व्हते तिला."